विजेचे काम कोणाचे?

गेल्या जूनमध्ये आमच्या घरात एका फॉर्मवरून आठ दिवस अबोला होता. थोरली मुलगी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. वस्तीत पेढे वाटले, विहारात जाऊन वंदना घेतली, शेजारच्या बायांनी तिच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवले. इथपर्यंत सगळे छान होते. मग तिने तंत्रनिकेतनाचा फॉर्म भरायला घेतला आणि पहिल्या पसंतीच्या रकान्यात लिहिले, ‘विद्युत अभियांत्रिकी’.

माझी आई अंगणात तांदूळ निवडत होती. तिच्या कानावर हे पडले मात्र, तिने सूप खाली ठेवले. “तारनी मना आंडोरना हात खादा,” ती म्हणाली. “आते नातले धाडस का तू?”

मी काही बोललो नाही. तो हात माझ्या सख्ख्या भावाचा आहे. आणि तो भाऊ त्या वेळी ओट्यावर बसून डाव्या हाताने चहा पीत होता.

वाचकहो, ही हकिगत सांगायची म्हणजे थोडे मागे जावे लागेल.

आमचे मूळ गाव अमळनेर तालुक्यात. गावात वीज आली तेव्हा खांब पाटलाच्या वाड्यापर्यंत आले, मारुतीच्या पारापर्यंत आले, पिठाच्या गिरणीपर्यंत आले. आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन मात्र थांबले. शेवटचा खांब आणि आमचे पहिले घर यांत फार तर शंभर पावलांचे अंतर असेल. ती शंभर पावले चालायला विजेला किती वर्षे लागली याचा हिशेब गावात कोणी ठेवलेला नाही. मी तिसरी-चौथीत असताना कुटीर ज्योती योजनेत घरटी एक दिवा मिळाला. केंद्र सरकारने ही योजना १९८८-८९ मध्ये गरिबांच्या झोपड्यांसाठी काढली होती. एका घराला एकच दिवा. त्या रात्री आईने चुलीपुढची चिमणी विझवली नाही. दोन्ही उजेड बराच वेळ शेजारी-शेजारी होते.

माझ्या दादाला त्या दिव्याने वेड लावले. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. फ्यूज उडाला की वस्तीतले लोक त्यालाच हाक मारायचे. आयटीआयला प्रवेश मिळाला होता, पण त्याच वर्षी वडील अंथरुणाला खिळले आणि त्याने शिक्षण सोडले. पुढे तो एका उस्तादाच्या हाताखाली पक्कड आणि टेस्टर घेऊन फिरू लागला. आपल्याकडे अशा पोरांना ‘झिरो वायरमन’ म्हणतात. खरा वायरमन खाली उभा राहतो, झिरो खांबावर चढतो. पगार कोणाकडून मिळेल ते नक्की नसते, हजेरीपटावर नाव नसते, नेमणुकीचा कागद तर नसतोच.

२००३ चा पावसाळा होता. एका शिवारातल्या डीपीवर बिघाड झाला. “लाईन बंद केली आहे, चढ,” असे त्याला सांगितले गेले. लाईन बंद केल्याचा लेखी परवाना कोणी घेतला नव्हता. तारा जमिनीशी जोडून, म्हणजे अर्थिंग करून घेतल्या नव्हत्या. दुसऱ्या टोकाला कोणीतरी ती सुरू केली. दादा खाली पडला म्हणून वाचला, असे डॉक्टर म्हणाले. धुळ्याच्या दवाखान्यात त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

त्या वेळी मी बी.कॉम. होऊन नोकरीच्या शोधात होतो. घरातला एकटा शिकलेला म्हणून अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. सहा वर्षे मी अर्ज लिहिले. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला जायचा, “तो तुमचा माणूस होता याचा पुरावा काय?” कंत्राटदार म्हणाला, आमचा नाही. त्याच्यावरचे म्हणाले, आमचा नाही. शेवटी मलाच वाटू लागले की दादाचा हात कोणाचाच नव्हता. त्यानंतर मी कारकून झालो. आज कित्येक वर्षे रजिस्टरे लिहितो आहे. रजिस्टरात नाव असणे म्हणजे काय, हे मला नोकरीने शिकवलेले नाही. ते मी त्या सहा वर्षांत शिकलो.

असो. तर अशा घरात मुलीने ‘विद्युत’ लिहिले.

चौथ्या दिवशी रात्री ती माझ्याजवळ येऊन बसली. “पप्पा, मोठे पप्पा जे करायचे ते आणि मी जे शिकणार ते एकच आहे का?” मी म्हणालो, वीज तीच. “मग आधी कोण आले? वायरमन की इंजिनिअर?”

मला उत्तर येत नव्हते. जमा-खर्च विचारला असता तर सांगितले असते. पण प्रश्न डोक्यात राहिला. वाचनालयातून पुस्तके आणली, एका निवृत्त शिक्षकांनी दोन जुने ग्रंथ दिले, आणि आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत बाबासाहेबांचे जे खंड आहेत त्यांतला दहावा खंड काढला. तो इंग्रजीत आहे. शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. जे हाती लागले ते सांगतो, कारण हा प्रश्न फक्त माझ्या मुलीचा नाही.

सुरुवात एका लोहाराच्या मुलापासून करावी लागते. मायकेल फॅरेडे १७९१ साली इंग्लंडमध्ये जन्मला. घरात खायची भ्रांत. चौदाव्या वर्षी तो पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचू लागला. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही या मोठ्या शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकायला मिळाली. त्याने टिपणे काढली, स्वच्छ लिहिली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हीला पाठवून दिली. पुढच्या वर्षी त्याला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतले. डेव्ही साहेब पत्नीला घेऊन युरोपच्या प्रवासाला निघाले तेव्हा फॅरेडे बरोबर होता. बाईसाहेबांनी त्याला नोकरासारखे वागवले, जेवायला नोकरांच्या पंगतीत बसवले. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. पंगत वेगळी बसवणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. त्यांच्याकडे ती गरिबीची शिक्षा होती, आपल्याकडे जन्माची. फरक आहेच. फॅरेडे पुढे त्या पंगतीतून उठू शकला.

याच माणसाने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडाच्या कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून दाखवून दिले की एका वेटोळ्यातली वीज सुरू-बंद केली की दुसऱ्यात क्षणभर वीज उमटते. आज प्रत्येक डीपी याच तत्त्वावर चालते. थोड्याच दिवसांत चुंबक हलवूनही त्याने वीज निर्माण केली. वीजनिर्मिती केंद्रातले जनित्र त्यातून आले. तरी फॅरेडेला इंजिनिअर कोणी म्हटले नाही. विजेचा इंजिनिअर असा माणूस त्या काळी जगात कुठेच नव्हता.

विजेवर पोट भरणारे पहिले लोक म्हणजे तारवाले. माझ्या पिढीला तार म्हटली की धडकी आठवेल. अमळनेरला कोणाच्या दारात तारवाला उभा राहिला की बाया आधी रडायला लागायच्या आणि मग कोणीतरी शिकलेला माणूस ती वाचायचा. २०१३ च्या जुलैमध्ये भारतातली तारसेवा कायमची बंद झाली. पण विजेचा धंदा जन्मला तो या तारेच्या पोटी. दिवे फार नंतर आले. इंग्लंडमध्ये १८३७ पासून रेल्वेच्या कडेने तारा टाकायला सुरुवात झाली. अमेरिकेत मोर्सने १८४४ मध्ये वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला निरोप पाठवला.

आपल्या देशात हे काम ओ’शॉनेसी नावाच्या गोऱ्या डॉक्टरने केले. तो कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होता. १८३९ मध्ये त्याने तारेचे प्रयोग केले, १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर लाईन सुरू झाली आणि १८५४ मध्ये सुमारे ८०० मैलांवरच्या आग्र्यापर्यंत निरोप गेला. त्याच्या हाताखाली शिवचंद्र नंदी हा बंगाली माणूस तारेचे काम शिकला आणि पुढे तारखात्यात अधिकारी झाला. कॉलेज नाही, पदवी नाही. साहेब डॉक्टर, मदतनीस हाताने शिकलेला. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. वायरमन आधी आला. इंजिनिअर त्याच्यातून, बऱ्याच वर्षांनी निघाला.

तो का निघाला, ही गोष्ट मला सर्वांत आवडली. १८५८ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज आणि अमेरिकन कंपनीने अटलांटिक महासागराच्या तळाशी सुमारे दोन हजार मैलांची तार टाकली. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेच्या अध्यक्षांना ९८ शब्दांचा निरोप धाडला. तो पोहोचायला सोळा तास लागले! विजेचे काम पाहणारा व्हाइटहाउस हाही पेशाने शल्यवैद्य होता. निरोप नीट जात नाही असे पाहून त्याने आणखी जोर लावला, सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. आधीच कच्ची असलेली तार जळाली. महिन्याभराच्या आतच अख्खा समुद्र मुका झाला.

चौकशी बसली. चौकशीत काय दिसले? प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने काम करत होता. तारेचा विरोध किती, दाब किती, हे मोजायचे सर्वमान्य मापच नव्हते. एकाचा शेर, दुसऱ्याची पायली! विल्यम थॉमसन नावाचा प्राध्यापक आधीपासून ओरडत होता की मोजा, हिशेब मांडा, मग तार टाका. त्याचे ऐकले गेले तेव्हा १८६६ मध्ये तार लागली आणि टिकली. १८६१ मध्ये माप ठरवायला समिती नेमली होती. १८८१ मध्ये पॅरिसला साऱ्या देशांचे जाणकार जमले आणि ओहम, व्होल्ट, अँपिअर ही नावे पक्की झाली. आमच्या मीटरवर, बल्बवर, बॅटरीवर जे लिहिलेले असते ते तिथे ठरले.

माझ्यासारख्या कारकुनाला यात आपलेपणा वाटतो. दोन हजार मैलांची तार जळाल्यावर लोक शहाणे झाले आणि वही घेऊन बसले. जिथे माप नाही, लेखी नोंद नाही, तिथे चूक कोणाची हेही ठरत नाही. दादाच्या डीपीवर २००३ साली नेमके हेच घडले.

१८७१ मध्ये लंडनला तारेच्या इंजिनिअरांनी आपली सभा स्थापन केली. १८८८ मध्ये तिचे नाव बदलून विद्युत अभियंत्यांची संस्था असे केले. अमेरिकेत अशी संस्था १८८४ मध्ये निघाली. सभासदांची यादी, कोण लायक आणि कोण नाही याची चाचणी, निबंधवाचन. आपल्या भाषेत सांगायचे तर हजेरीपट तयार झाला. शिक्षणही त्याच सुमारास सुरू झाले. जर्मनीत डार्मश्टाट इथे १८८२ मध्ये विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापकपद निघाले, अमेरिकेतल्या एमआयटीने त्याच वर्षी अभ्यासक्रम काढला, कॉर्नेलने १८८३ मध्ये. गंमत पाहा, त्याच १८८२ च्या ४ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनने आपले वीज केंद्र सुरू केले आणि सुमारे ४०० दिवे लावले. हा एडिसन जेमतेम काही महिने शाळेत गेलेला आणि तरुणपणी तारमास्तर होता. म्हणजे न शिकलेल्या पिढीचा शेवटचा मोठा माणूस आणि शिकलेल्या पिढीचा पहिला वर्ग, दोन्ही एकाच वर्षी.

आपल्या देशात बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९११ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले तेव्हा विद्युत तंत्राचा विभाग होता. बनारसला १९१९ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज निघाले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून एल.ई.ई. झालेले लोक गिरण्यांत आणि वीज कंपन्यांत लागले. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले होते. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली सोडायचे आणि वीज परळच्या गिरण्यांना द्यायची.

वीज गिरणीत आली ती कामगाराच्या अंगावर आली, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी अंधार पडला की गिरणी थांबायची. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि मालकांना रात्रही मोकळी झाली. चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास काम. त्यावर बोंब झाली तेव्हा १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुष कामगाराला बारा तासांची मर्यादा घातली. बारा तास, आणि ते उपकार म्हणून!

आणि एक गोष्ट मला वर्षांचे आकडे शेजारी मांडताना दिसली. कारकुनाची सवय. १९२७ साली कुलाबा जिल्ह्यात दोन घटना घडल्या. भिरा इथे मुळशीचे पाणी घाटावरून उतरवून वीज तयार होऊ लागली. आणि त्याच जिल्ह्यात महाडला बाबासाहेबांनी आपल्या माणसांना चवदार तळ्यावर नेले. एका टोकाला पाण्यातून वीज निघत होती आणि दुसऱ्या टोकाला आपण ओंजळभर पाणी पिऊ शकत नव्हतो. त्या मुळशीच्या धरणाखाली ज्यांची शेते गेली त्या मावळ्यांनीही सेनापती बापटांबरोबर १९२१ पासून सत्याग्रह केला होता. विजेच्या इतिहासात या लोकांची नावे इंजिनिअरांच्या यादीखाली यायला हवीत, असे मला वाटते.

आता दहावा खंड. १९४२ च्या जुलैपासून १९४६ पर्यंत प. पू. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपल्याला माहीत असते. जयंतीच्या भाषणात आपण ते सांगतो आणि पुढे जातो. त्या खात्याकडे मजुरांबरोबर सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीजही होती हे मला पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर कळले, याची लाज वाटते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरण समितीपुढे त्यांचे भाषण आहे. त्यांचा मुद्दा असा की, या देशाचे दारिद्र्य एकट्या शेतीवर हटणार नाही, उद्योग वाढले पाहिजेत, आणि उद्योगांना स्वस्त व भरपूर वीज पाहिजे. ती वीज सरकारने काढायची की खासगी कंपन्यांनी, केंद्राने की प्रांतांनी, हे प्रश्न त्यांनी एकेक करून मांडले आहेत. १९४४ मध्ये त्यांच्या खात्याने विजेच्या तंत्रज्ञांचे केंद्रीय मंडळ स्थापन केले. दामोदर खोऱ्याच्या योजनेवर ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्याला परिषद झाली, तिथे पूर थांबवणे, पाटाचे पाणी आणि वीज हे तिन्ही एकाच योजनेत बसवायचा त्यांचा आग्रह दिसतो. पुढे १९४८ मध्ये वीजपुरवठ्याचा कायदा झाला आणि राज्यांत वीज मंडळे आली. आपले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० चे. २००५ मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या.

त्याच खंडात कारखाना कायद्याची दुरुस्तीही आहे. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले ते १९४६ मध्ये. विजेने वाढवलेले तास आणि वीजखाते सांभाळणाऱ्या मंत्र्यानेच कमी केलेले तास, असे मी माझ्या वहीत एकाखाली एक लिहून ठेवले आहे.

हे सगळे मी मुलीला सांगितले. ती म्हणाली, “पप्पा, हे बरोबर आहे, पण आजीला सांगा ना.”

आईला व्होल्ट आणि अँपिअर काय सांगणार? मी तिला एका बाईची गोष्ट सांगितली. ए. ललिता, मद्रासची तेलुगू बाई, जन्म १९१९. पंधराव्या वर्षी लग्न. अठराव्या वर्षी नवरा वारला, पदरात चार महिन्यांची मुलगी. तिने डॉक्टरकी नको म्हटले, कारण रात्री-अपरात्री लेकराला सोडून जावे लागेल. ती गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेली आणि भारतातली पहिली विद्युत अभियंता झाली. शिक्षण १९४३ मध्ये संपले. तोवर त्या कॉलेजात मुली नव्हत्याच, म्हणून पदवीच्या छापील कागदावर ‘तो’ खोडून ‘ती’ लिहावे लागले. आमच्या ऑफिसात खाडाखोड केलेला कागद चालत नाही. हा मात्र चालला. पुढे तिने मोठमोठ्या वीजवाहिन्यांची आणि उपकेंद्रांची रचना केली, भाक्रा-नांगल धरणाच्या कामातही तिचा हात होता. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला स्त्री अभियंत्यांची पहिली जागतिक परिषद भरली, तिथे ती साडी नेसून गेली.

इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट जोडावी लागली. ललिताचे वडील त्याच कॉलेजात विजेचे प्राध्यापक होते. त्यांनी शब्द टाकला, दार उघडले. आपल्या पोरींना असा बाप कुठून आणायचा? आपल्याकडे शिष्यवृत्तीचा फॉर्म आहे, जातीचा दाखला आहे आणि खिडकीवरची रांग आहे.

आई ऐकत होती. तिने एकच विचारले, “तिनी पोर कोनी सांभाळी?” मी सांगितले, माहेरच्यांनी. आई बराच वेळ गप्प बसली. माझी आई स्वतः अडतिसाव्या वर्षी विधवा झाली.

पण तिचा होकार आला नाही. होकार दिला तो दादाने. मला वाटले होते तो आईच्या बाजूने बोलेल. आठव्या दिवशी जेवताना तो म्हणाला, “आई, मी खांबावर चढलो तेव्हा परमिट हा शब्द मला माहीत नव्हता. नियम असा असतो की लाईन बंद केली असे एक जण लिहून देतो, सही करतो. तारा अर्थ करतात. मग माणूस चढतो. तो उतरून सही करत नाही तोवर लाईन सुरू करता येत नाही. त्या दिवशी माझ्या खांबाखाली सही करणारे कोणी नव्हते. ही पोरगी सही करणारी होणार असेल तर होऊ दे.”

घरात कोणी घास उचलला नाही. वीस वर्षांत दादा या विषयावर इतका कधी बोलला नव्हता. मी पाहिले आहे, १९१० च्या विजेच्या कायद्यात विद्युत निरीक्षक नेमायची तरतूद होती. १९५६ च्या नियमांत तार हाताळण्यापूर्वी ती जमिनीशी जोडून निर्धोक करावी असे होते, आणि परवानाधारकाशिवाय वायरिंगचे काम करू नये असेही होते. ते नियम आता गेले, २०१० पासून नवे विनियम आले. म्हणजे दादाचा हात जाण्याआधी सत्तेचाळीस वर्षे नियम कागदावर होता. फक्त तो आमच्या वस्तीपर्यंत आला नव्हता. विजेचे खांब तरी शंभर पावलांवर थांबले होते!

फॉर्म भरला. पहिल्या यादीत नाव आले नाही, दुसऱ्या यादीत आले. वस्तीतले काही लोक म्हणाले, कॉम्प्युटर घ्यायला पाहिजे होते, त्यात पैसा आहे. अमळनेरकरांना या बाबतीत कोणी शिकवू नये. २९ डिसेंबर १९४५ रोजी आपल्या गावातली तेलाची कंपनी म्हणून विप्रोची नोंदणी झाली. वडील वारले म्हणून १९६६ मध्ये तिचा कारभार हाती घ्यायला परत आलेला एकवीस वर्षांचा मुलगा अमेरिकेत स्टॅनफर्डला विद्युत अभियांत्रिकीच शिकत होता. त्याने आधी तेल-तूप विकले, मग १९८० च्या दशकात कॉम्प्युटर. अझीम प्रेमजींनी अर्धवट राहिलेली ती पदवी पुढे कितीतरी वर्षांनी पूर्ण केली. शेअर घेतलेल्या लोकांच्या गोष्टी गावात सगळ्यांना पाठ आहेत. आमच्या आजोबांकडे शेअर नव्हता. असो.

मुलगी तंत्रनिकेतनात जाऊ लागली. वसतिगृहात पोहोचवायला जाण्याच्या आदल्या दिवशी आईने मला बाजारात पाठवले. काय आणायचे ते सांगेना. दाराशी आल्यावर म्हणाली, रबरी तळाचे बूट आण, चांगले जाड. किंमत विचारू नकोस. मी साडेसहाशेचे आणले. आईने तळवा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, आणि मुलीच्या पिशवीत सर्वांत खाली ठेवला.

पहिल्या सुटीत मुलगी घरी आली तेव्हा प्रात्यक्षिकाची वही घेऊन आली. दादाने ती मागून घेतली. डाव्या हाताने पाने उलटायला त्याला वेळ लागतो. पहिल्याच प्रयोगात सुरक्षिततेचे नियम लिहून घेतले होते. ओल्या हाताने स्विचला हात लावू नये, काम करण्यापूर्वी पुरवठा बंद असल्याची खात्री टेस्टरने करावी, अर्थिंग तपासावे, असे दीड पान. दादाने ते दोनदा वाचले. मग मला म्हणाला, उद्या ऑफिसला जाताना याच्या झेरॉक्स काढून आण.

आमच्या वस्तीत आणि मूळ गावात मिळून पाच पोरे आजही झिरो वायरमन म्हणून खांबावर चढतात. त्यांना वायरमनच्या परवान्याच्या परीक्षेला बसवायचे म्हणून मी आणि दादा रविवारी विहारात त्यांना बोलावतो. तिघे येतात. मी फॉर्म भरून घेतो, दादा शिकवतो. पहिल्या रविवारी त्याने त्यांना दीड पान वाटले आणि म्हणाला, आधी हे पाठ करा, पक्कड नंतर घेऊ.